वळणावरचे दोन माठ

आमची वस्ती घाटकोपरच्या टेकडीवर आहे. खाली रिक्षांचा रस्ता, तिथून वर यायला पायऱ्या, आणि पायऱ्या अर्ध्यावर आल्या की एक वळण. त्या वळणावर कोणीतरी कधीकाळी सिमेंटचा कट्टा बांधला आहे. वर राहणारा प्रत्येक माणूस तिथे कधी ना कधी पिशव्या टेकवतो, कपाळ पुसतो, आणि अजून किती चढायचं आहे ते बघतो. शेवटच्या वर्षी माझे बाबा तिथे बराच वेळ बसायचे. तरुणपणी गिरणीत त्यांनी कापसाची धूळ छातीत घेतली होती. गिरणी बंद पडल्यावर चेंबूरला एका कारखान्याच्या गेटवर उभं राहून त्यांनी संसार ओढला, पण धूळ छातीतून गेली नाही. वळणावर पोचेपर्यंत त्यांच्या श्वासाला शिट्टी लागलेली असायची.

कट्ट्याला लागूनच एक दार आहे. तिथे राहणाऱ्या सुनेला सगळी वस्ती वहिनी म्हणते, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. बाबांच्या श्वासाची शिट्टी ऐकली की ती आतून तांब्या आणि पेला घेऊन यायची. बाबा पाणी प्यायचे, पेला परत करायचे आणि म्हणायचे, "चल, उरलेला डोंगर चढतो." ती म्हणायची, "सावकाश जा, काका. डोंगर काय पळून जात नाय."

बाबा थंडीत गेले. त्यानंतरच्या अक्षय्य तृतीयेला त्यांच्या नावाने पाण्याने भरलेला घट द्यायचा होता. गेलेल्या माणसाला उन्हाळ्यात तहान लागते, आणि आपण दिलेलं पाणी त्याला पोचतं, असं आमच्याकडे मानतात. मी शिकलेली आहे, एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, आणि तरीही त्या वर्षी मला ते खरं वाटावंसं वाटत होतं. गुरुजींनी सांगितलं, एक माठ, वर आंबा, दक्षिणा, आणून द्या. आई घरी आल्यावर म्हणाली, "गुरुजींच्या गॅलरीत आधीच चार माठ आहेत. त्यात मनीप्लांट लावलेत. तुझे बाबा मनीप्लांटचं पाणी पिणार काय?"

मग तिने ठरवलं की घट वळणावर मांडायचा, आणि एका दिवसापुरता नाही. वर्षश्राद्ध होईपर्यंत रोज भरायचा. जिथे ते तहानेले बसायचे तिथेच.

आम्ही दोन माठ आणले. आईने ते आधी पाण्यात भिजत ठेवले, नंतर नारळाच्या काथ्याने आतून घासले. कट्ट्याच्या कोपऱ्यात वाळू पसरून त्यावर ते बसवले. भोवती ओलं फडकं, वर लाकडी झाकण, आणि पाण्यात कोणी हात घालू नये म्हणून लांब दांड्याचं स्टीलचं ओगराळं. पेले ती रोज राखेने घासायची. राख कुठून आणायची तर खालच्या इस्त्रीवाल्याकडून. इतकी स्वच्छता मी देवघरातही पाहिली नव्हती.

फक्त पाण्यावरून आमचं वाजलं. बाबांच्या आजारपणात डॉक्टरांनी पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं आणि ती सवय घरात राहिली होती. मी म्हटलं, माठातही उकळून गार केलेलंच घालू. आई एरवी मुंबईचं मराठी बोलायची, पण वादाला उभी राहिली की तिची मालवणी बाहेर पडायची.

"मेलेल्या माणसाक उकळलेला पाणी कोण देता गो?"

"पिणारे जिवंत आहेत ना, आई."

"पिणारे जिवंत, पण देतंय मी कोणाक? तर्पणाचा पाणी शिजवतत? उकळला म्हणजे शिजला. शिजलेला त्येका पोचणा नाय."

कच्चं पाणी म्हणजे ताजं, ताजं म्हणजे शुद्ध, आणि शुद्ध तेच पोचतं. तिच्या डोक्यात ही साखळी पक्की होती. त्यावर मी काही बोलले असते तर ते तिच्या दुःखावर बोलल्यासारखं झालं असतं.

आमच्याकडे नळाला पाणी सकाळी येतं. कसं येतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मोठी लाइन खालच्या रस्त्यापर्यंत आहे. तिथून वर येणारे बारीक पाइप आमचे आम्हीच टाकलेले आहेत, कोणी कधी, कोणी कधी, आणि ते सगळे पायऱ्यांच्या कडेच्या गटारातून जुडी बांधल्यासारखे वर चढतात. चढावर पाणी आपोआप चढत नाही, म्हणून प्रत्येक घरात टुल्लू पंप आहे. नळ आला की सगळी टेकडी गुरगुरायला लागते. पहिलं पाणी गंजाच्या रंगाचं येतं. ते फरशीला, संडासाला. मधलं पाणी पिण्याचं. शेवटी धार बारीक होते, पंपाचा आवाज बदलतो, घसा कोरडा पडल्यासारखा होतो. तरी कोणी पंप बंद करत नाही. पाइपात राहिलेलं पाणी ओढून घ्यायचं असतं, नाहीतर शेजारी ओढतो.

हे शेवटचं पाणी आई माठांसाठी ठेवायची. तिचा त्यामागे विचार होता. तोपर्यंत पाइप आतून धुऊन निघालेला असतो, मग येतं ते सगळ्यात निवळ. दिसायचंही तसंच, काचेसारखं. ती कळशी भरून घ्यायची, फडक्याने गाळायची आणि पायऱ्या उतरून वळणावर जायची. माझी कॉलेजला निघायची वेळ तीच असायची, म्हणून दुसरी कळशी मी घ्यायचे.

माठ मांडल्यावर वळणाला वेगळीच कळा आली. सिलिंडर खांद्यावर घेऊन चढणारे, पार्सलवाले, शाळेची पोरं, भंगारवाला, सगळे थांबायला लागले. एक पार्सलवाला आईला म्हणाला, "आजी, अख्ख्या मुंबईत फुकट थंड पाणी इथंच मिळतं बघा. तुमचा पत्ता चुकवून परत परत येईन मी." आई घरी येऊन ते मला दोनदा सांगत बसली. बाबा गेल्यानंतर ती हसून काही सांगतेय हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सगळ्यात जास्त पाणी तिथे वहिनी प्यायची. तिला सातवा लागला होता, पहिलंच मूल. उन्हात घरात पत्रा तापायचा, म्हणून ती दुपारभर कट्ट्यावर सावलीला बसायची. आईही जाऊन बसायची. आई ओगराळ्याने पेला भरून स्वतः तिच्या हातात द्यायची. "वर्षभर तू त्यांना पाजलंस. आता पी," म्हणायची. वहिनी म्हणायची, "काकी, घरचा फ्रिजचा पाणी गळ्याखाली उतरत नाय. ह्याला मातीचा वास असतो ना, तो मला हवा असतो." आई खूश. डोहाळ्यांमध्ये मातीची चव लागते, पोरगी होणार बघ, असं काहीबाही बोलणं चालायचं.

मे सरत आला तेव्हा वस्तीत पोटं बिघडायला लागली. आधी पोरांची. ऊन बाधलं, आंबे जास्त झाले, लग्नातलं जेवण, अशी कारणं निघाली. मग सगळ्यांचं एकमत खालच्या पाणीपुरीवाल्यावर झालं. त्याला दोघातिघांनी जाऊन सांगितलं की इथे गाडी लावू नकोस. तो बिचारा निमूट पुढच्या गल्लीत गेला. पोटं बिघडायची थांबली नाहीत. पावसाळा लागून गटारं भरून वाहायला लागली तेव्हा काही जणांना ताप आला, अन्नाची शिसारी बसली, आणि एकामागून एक डोळे पिवळे व्हायला लागले.

वहिनीचे डोळे आधी आईला दिसले. कट्ट्यावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "गो, इकडे बघ. उजेडात बघ." वहिनीने बघितलं. आईने तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली आणि तिच्या सासूला हाक मारली.

सासू घाबरली, आणि घाबरलेलं माणूस आधी ओळखीच्या वाटेने जातं. तिने विक्रोळीहून कुणाकडून तरी काविळीची माळ आणली, बारीक काड्यांची, गळ्यात घालायची. माळ जशी लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात. वहिनीचा नवरा मेट्रोच्या स्टेशनवर तिकीट खिडकीत बसतो. तो संध्याकाळी कामावरून आला आणि त्याने माळ पाहिली. "आई, हे काय लावलंय? आठवा महिना आहे तिला," एवढंच म्हणाला आणि रिक्षा आणायला गेला. हॉस्पिटलमध्ये नेताना माळ तिच्या गळ्यातच होती. काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी ग्रंथालयात नर्सिंगच्या पुस्तकांच्या कपाटापाशी उभी राहून काविळीवरचं प्रकरण वाचलं. पाण्यातून येणाऱ्या काविळीचे प्रकार होते. त्यातला एक प्रकार एरवीच्या माणसाला महिनाभर लोळवून सोडून देतो, पण शेवटच्या महिन्यांत गरोदर बाईच्या जिवावर येऊ शकतो, तिच्याही आणि पोटातल्या बाळाच्याही. तो माणसाच्या मैल्यातून पाण्यात येतो. पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात. ते वाक्य वाचल्यावर मी मागे मोजायला लागले आणि मोजणं मध्येच सोडून दिलं. पुस्तक परत जागेवर ठेवलं. आईला यातलं काही सांगितलं नाही.

त्या आठवड्यात आरोग्य केंद्रातून एक बाई आणि पाणी तपासणारा एक माणूस आला. घरोघरी क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या. तपासणाऱ्याच्या हातात काचेची नळी होती. नळीत पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे, आणि पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे, चांगलं आहे. खालच्या रस्त्यावरच्या नळाचं पाणी लगेच पिवळं झालं. मग तो एकेक घर वर येत गेला आणि रंग फिका होत गेला. वळणावर पोरांचा घोळका जमला होता. सगळ्या वस्तीचे डोळे पिवळे होत चालले होते, आणि आम्ही एका नळीतलं पाणी पिवळं व्हायची वाट बघत उभे होतो.

आईच्या माठातलं पाणी पिवळं झालं नाही. थेंब पडले, विरले, आणि पाणी होतं तसंच राहिलं, नितळ.

"म्हणजे काय?" आईने विचारलं.

"म्हणजे औषध उडून गेलंय त्यातलं, मावशी," बाई म्हणाली. "माठात ठेवल्यावर उडतंच थोडं. पण हे अजिबातच नाय." ती दमलेली होती, तिच्या पिशवीत अजून बरीच घरं बाकी असणार. "पाणी उकळून ठेवा, नायतर गोळी टाका. आणि नमुना नेतोय आम्ही, मोठ्या तपासणीला."

"माठ स्वच्छ आहे," आई म्हणाली.

"माठ एकदम झकास आहे, मावशी. माठाचं नाय बोलत मी."

दोन दिवसांनी पायऱ्यांच्या कडेचं गटार उपसलं. वळणाच्या थोडं खाली, जिथे सार्वजनिक संडासाचं पाणी येऊन मिळतं, तिथे पाइपांच्या जुडीतला एक जुना लोखंडी पाइप गंजून चाळण झाला होता. कोणीतरी कधीतरी त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ठेवली होती. पट्टी कुजून सैल झाली होती. त्या पाइपावरून वरच्या सगळ्या ओळीला फाटे होते, आमच्या घराला आणि वहिनीच्याही. मी तिथे उभी राहून पाहिलं आणि मला पंपाचा तो घसा कोरडा पडल्यासारखा आवाज ऐकू आला. नळ भरात असतो तेव्हा पाणी पाइपातून बाहेर ढकललं जातं. धार बारीक झाली आणि तरी पंप ओढत राहिले की तीच भोकं बाहेरचं आत घेतात. पाइप शेवटपर्यंत धुऊन निघत नव्हता. शेवटी शेवटी तो गटार पीत होता. आणि त्यातलं काही दिसत नव्हतं, वासही नव्हता. फडक्याने गाळून ते आणखी नितळ होत होतं.

मी हे आईला सांगितलं नाही, पण सगळी वस्ती तिथे उभी होती. कोणी आईला काही बोललं नाही. आमच्याकडे माणसं तोंडावर फटकळ आहेत, नळावर शिव्या देतील, पण विधवेच्या माठाबद्दल तिला कोण बोलणार. त्यांनी फक्त तिथे पाणी प्यायचं सोडलं. आई पेला पुढे करायची आणि माणसं म्हणायची, "नको काकी, आत्ताच प्यालो." पार्सलवाला स्वतःची बाटली काढायचा. पोरांना घरून सांगितलेलं असायचं, ती पळत वर जायची.

एकदा मी कामावरून परत येत होते. वळणाच्या खालच्या अंगाला दोन बायका भाजी निवडत बसल्या होत्या. मला पाहिलं नव्हतं त्यांनी.

"काकीचं पुण्य बाटलीत भरून पाठवा ना हॉस्पिटलात. वहिनीला बरं वाटेल."

"गप गं. तोंड आहे का काय."

"मी काय खोटं बोलते? माझ्या पोराचे डोळे हळदीसारखे झाले. मेलेल्याला पाणी पाजता पाजता जित्याची वाट लावली."

मग त्यांनी मला पाहिलं. जी बोलत होती तिने मेथीची जुडी उचलली आणि म्हणाली, "ताई, आज लवकर?" मी हो म्हटलं.

आई मूर्ख नव्हती. संध्याकाळी ती माठाचं झाकण उघडून बघायची, सकाळी होती तेवढीच पातळी असायची. एका सकाळी मी उठले तर शेगडीच्या दोन्ही बर्नरवर मोठी पातेली होती. ती पाणी उकळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्येका पोचॉ नाय तर नाय पोचॉ. माणसांनी तरी पिऊक होया." इतके दिवस जिच्यावर तिने पाय रोवले होते ती गोष्ट तिने अशी, पदराने पातेलं उतरवत सोडून दिली. उकळलेलं पाणी आम्ही परातींत गार केलं, कळशांत भरलं, खाली नेलं. तिने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "उकळलेलं आहे हो. गोळीसुद्धा टाकलीय." लोक मान हलवायचे आणि पुढे जायचे. एकदा लागलेलं नाव पाण्याला चिकटून राहतं.

वहिनीचा नवरा हॉस्पिटलमधून येऊन-जाऊन होता. एक दिवस तो आमच्या दारात आला. चप्पल काढली नाही.

"काकी, राग मानू नका. माठ उचला."

"आता उकळलेलं घालतेय मी, बाबा."

"माहितेय. तरी उचला." तो चौकटीला धरून उभा होता. "येता-जाता ते दिसतात मला. डॉक्टर विचारत होते, घराबाहेरचं पाणी कुठे पीत होती का."

आईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "काय सांगितलंस?"

"नाय म्हटलं."

"का?"

"तुमचं नाव कशाला घ्यायचं हॉस्पिटलात? काकांना आम्ही पण मानायचो." तो गेला. चार पायऱ्या उतरला असेल, आई त्याच्या मागे गेली नाही, तशीच उंबऱ्यात बसली.

त्याच दिवशी आम्ही माठ रिकामे केले. आईने एकेक ओगराळं काढत पाणी कट्ट्यामागच्या मातीत सोडलं. माठ तिरपा करून भसकन ओतायला ती तयार नव्हती. बराच वेळ लागला. मी वाळू गोळा केली. फडकं, पेले, झाकण पिशवीत भरलं. कोणी थांबून पाहिलं नाही, पण खिडक्यांमागे माणसं होती हे कळत होतं. वर्षश्राद्धाला अजून बरेच महिने होते.

वहिनी वाचली. मूल वाचलं नाही. मुलगी होती. हॉस्पिटलातून ते तिला तसंच परस्पर घेऊन गेले, आमच्यापैकी कोणी तिला पाहिलं नाही.

वहिनी घरी आली तेव्हा आई भेटायला जायला निघाली आणि दारापर्यंत जाऊन परत आली. असं तिने तीन-चार वेळा केलं. शेवटी एका रविवारी मला म्हणाली, "चल गो माझ्याबरोबर. तू काय बोलू नको. नुसती बस."

वहिनी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. अंगाने अर्धी झाली होती. डोळ्यांचा पिवळेपणा उतरत आला होता, पण गेला नव्हता. सासू ओट्यापाशी भांडी घासत होती, पाठमोरी. खोली इतकी लहान की कोणी कुजबुजलं तरी सगळ्यांना ऐकू जावं.

आई तिच्यासमोर बसली. थोडा वेळ तिचे पाय दाबत राहिली. मग म्हणाली, "तुला पाजलं मी. माझ्या हाताने."

वहिनीने पाय मागे घेतले नाहीत. म्हणाली, "काकी, सगळ्यांचा पाइप तोच. घरी पण तेच पाणी."

"घरी तू उकळत होतीस. मी बघत होते ना, रोज सकाळी तुझ्या शेगडीवर पातेलं."

"पातेलं असायचं." वहिनी आपल्या हातांकडे बघत होती. "रोज नाय उकळायचे मी. कंटाळा यायचा. गरम करून खाली उतरवायचे, बस. घोटघोट तसंच प्यायचे. कुठून झालं कोणाला माहीत."

ओट्यावरचा भांड्यांचा आवाज थांबला. सासू वळली नाही. पिंपाचा नळ तेवढा बारीक वाहत होता, तो तिने बंद केला. मग पुन्हा भांडी घासायला लागली, आधीपेक्षा हळू.

आईने वहिनीकडे पाहिलं, मग सासूच्या पाठीकडे. थोड्या वेळाने आम्ही उठलो. सासूने "येवा" म्हटलं, पण बाहेर आली नाही.

आम्ही पायऱ्या चढायला लागलो. आईचे गुडघे दुखायचे, ती माझ्या खांद्याला धरून चढायची. काही पायऱ्यांनंतर ती थांबली.

"खोटं बोलली ती."

"तुला काय माहीत?" मी म्हटलं. "असेलही खरं. आपण तिच्या शेगडीपाशी उभ्या होतो का?"

"खरं असो नायतर खोटं. सासू ऐकत असताना बोलली. मला मोकळं करायला बोलली." आई खाली, त्यांच्या दाराकडे बघत होती. "आता आयुष्यभर ती बाई तिला ऐकवणार. तूच नीट पाणी उकळलं नायस, तूच पोर घालवलंस. प्रत्येक भांडणात. मी वर जाऊन सुखाने झोपायचं?"

"मग?"

तिने माझा खांदा सोडला आणि खाली उतरायला लागली. मी मागे निघाले तर हाताने नको म्हणाली. भिंतीला धरत, आडवी होत, एकेक पाय टेकत ती वळणापर्यंत गेली. त्यांचं दार उघडंच होतं. ती आत गेली आणि दार तिनेच लोटून घेतलं.

आई जाऊन आता दोन वर्षं झाली. ती असताना मला हे लिहिता आलं नसतं. कितीतरी वेळा मी त्या दारामागे काय बोलणं झालं असेल ते मनात रचून पाहिलं आहे, आणि दर वेळी ते पुस्तकातल्यासारखं वाटतं. मला ठाऊक आहे ते एवढंच की आतून एकदा सासूचा आवाज चढला, रडणं ऐकू आलं, कोणाचं ते कळलं नाही, आणि मग बराच वेळ काहीच नाही. आजूबाजूच्या दारांतून माणसं डोकावून मला बघत होती. मी पायरीवर बसून राहिले. वहिनी रोज पाणी उकळायची की नाही हे मला आजही माहीत नाही. कुठल्या पेल्यातून ते तिच्या पोटात गेलं हे कोणत्याच तपासणीत कळलं नसतं. मोठ्या तपासणीत माठातलं पाणी पिण्यायोग्य नाही असं निघालं, आणि आमच्या ओळीतल्या सगळ्या नळांचंही तसंच निघालं.

दार उघडलं. आई बाहेर आली. सासू उंबऱ्यापर्यंत आली होती, पदर तोंडाला लावून. आई चढून माझ्यापर्यंत पोचली तेव्हा तिचा श्वास लागला होता.

"सांगितलं," ती म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"तिने रोज उकळलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय म्हणून. देवाची शपथ घेतली. जे प्यालं ते माझ्या माठातलं, माझ्या हातचं."

"काय म्हणाल्या त्या?"

"काय म्हणणार? लय बोलली. बोलू दिलं. शेवटी म्हणाली, आता पुन्हा तिथे माठ मांडू नको." आईने पदराने मान पुसली. "नाय मांडणार म्हटलं. कधीच नाय."

मी तिचा हात माझ्या खांद्यावर घेतला. आम्ही चढायला लागलो. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडून गेलं.

"आणि बाबा?"

"त्यांचं आणि माझं मी बघून घेईन," ती म्हणाली. "तू चल."